घरच्या मिक्सरवर काजू-बदामाचं पीठ: तेल सुटू न देता बारीक दळायची रीत

बदाम मिक्सरला लावले की पहिल्या काही सेकंदांत भरड होते, मग पीठ होतं, आणि त्यानंतर पीठ म्हणता म्हणता भांड्याच्या तळाशी तेलकट गोळा बसतो. पीठ आणि गोळा यांच्यामधलं अंतर फार थोडं असतं. ते ओलांडायच्या आत थांबता आलं की झालं. बदाम कुठले घ्यायचे, कसे वाळवायचे, गार का करायचे, मिक्सर किती वेळ चालवायचा, हे सगळं त्या थांबण्यासाठीच असतं. विकतच्या बदाम पिठाची किंमत पाहिली आणि पाकीट उघडल्यावर येणारा शिळा वास आठवला, की एवढी मेहनत घरी घ्यावीशी वाटते. ताज्या पिठाच्या काजूकतलीला आणि नानकटाईला जी चव येते ती बंद पाकिटातल्या पिठाला येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तेलाचा हिशोब

गव्हात तेल असतं वजनाच्या जेमतेम दोन टक्के. बदामात ते निम्म्याच्या आसपास असतं. शेंगदाण्यातही जवळपास तेवढंच. काजू आणि पिस्ते ४५ टक्क्यांच्या आगेमागे. अक्रोड सगळ्यांत वरचढ, त्याच्या वजनात साधारण ६५ टक्के तेल. म्हणून गहू कितीही वेळ दळला तरी पीठच राहतो आणि अक्रोड डोळ्यांदेखत लगदा होतो.

हे तेल दाण्याच्या पेशींमध्ये अगदी बारीक थेंबांच्या रूपात बंद असतं. पातं फिरलं की पेशी फुटतात आणि थेंब मोकळे होतात. थोड्या पेशी फुटल्या तर कण कोरडे राहतात. जास्त फुटल्या की तेल कणांवर पसरतं आणि कण एकमेकांना चिकटतात. त्यात भर पडते उष्णतेची. घरगुती मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, घर्षणाने भांडं तापतं, तापलेलं तेल पातळ होऊन भराभर पसरतं. थोडक्यात, आपले दोन शत्रू आहेत: जास्त दळणं आणि तापणं. तिसरा शत्रू ओल. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तो या दोघांच्याही पुढे जातो.

याच कारणाने बदाम-काजू कधीही पिठाच्या गिरणीत देऊ नका आणि घरच्या आटाचक्कीतही घालू नका. तेलाने जातं माखतं, जाळी बुजते, आणि नंतर कित्येक दळणांना तो वास येत राहतो.

बाजारातून काय आणायचं

काजूच्या पिठासाठी अखंड, टपोरे काजू घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. काजूची प्रतवारी आकारावर ठरते. डब्यावर ३२० लिहिलेलं असेल तर एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० गर बसतात. २४० चा गर त्याहून मोठा आणि महाग. पण दळल्यावर मोठा काय आणि छोटा काय. पिठाला पाकळी घ्या किंवा तुकडा घ्या. चव तीच, भाव कमी, आणि तुकडे एकसारखे असल्याने दळतातही सारखे. फक्त कणी घेऊ नका. तिच्यात धूळ आणि सालीचे कण असतात, शिवाय जास्त पृष्ठभाग हवेला लागल्याने ती लवकर खवट होते.

सिंधुदुर्ग, रत्नागिरी किंवा कोल्हापूरच्या चंदगड-आजरा भागातून थेट काजू मिळत असतील तर जरूर घ्या. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती कोकणात बऱ्याच बागांमधून आहेत, आणि तिथला ताजा गर दळायला फार सुरेख असतो. तिकडे तांबूस सालीसकट गरही विकायला असतात. खायला ते छानच, पण पिठाला साल काढावी लागते: कढईत मंद आचेवर जरा गरम करा, गार होऊ द्या आणि हाताने चोळा, साल सुटते. ओले काजूगर मात्र उसळीलाच ठेवा, त्यांचं पीठ होत नाही. आणि आख्ख्या काजूबिया घरी फोडण्याच्या फंदात पडू नका. टरफलातलं तेल हातावर उडालं तर कातडी भाजून निघते.

बदाम घेताना ममरा बाजूला ठेवा. तो खायला उत्तम, पण तेलकट आणि महाग. कॅलिफोर्निया नावाने मिळणारे साधे बदाम पिठाला जास्त चांगले. ते एकसारखे असतात, साल सहज निघते. विकत घेण्याआधी एक दाणा चावून बघा. कडू लागला तर त्या ढिगातले घेऊ नका. कडू बदामात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. जर्दाळूच्या बियांमध्येही ते असतं, त्यामुळे स्वस्त बदाम म्हणून त्या बिया मिसळलेला माल टाळायलाच हवा.

शेंगदाण्यांबाबत थोडं कडक व्हा. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा अंश दिसणारे दाणे निवडून फेकून द्या. शेंगदाण्यावर वाढणाऱ्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक असतं आणि भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. चार दाणे वाचवण्यात काही अर्थ नाही.

बदाम सोलणं आणि वाळवणं

साल ठेवली तरी पीठ होतं. ते तपकिरी ठिपक्यांचं, किंचित तुरट आणि रवाळ होतं. लाडवात, थालीपिठाच्या भाजणीत, चॉकलेट केकमध्ये ते चालतं. पांढरंशुभ्र, मऊ पीठ हवं असेल तर सोलावं लागतं.

पाणी खळखळून उकळा, गॅस बंद करा, बदाम टाका, एक मिनिट थांबा. जास्तीत जास्त दीड. लगेच चाळणीत ओतून वरून गार पाणी सोडा. आता बदामाच्या रुंद बाजूला चिमटीत दाबलं की तो सालीतून सटकन बाहेर येतो. समोर वाडगा धरा, नाहीतर दाणे स्वयंपाकघरभर उडतील. रात्रभर भिजवूनही साल निघते, पण तेव्हा बदाम पाणी पिऊन फुगतात आणि वाळायला कितीतरी जास्त वेळ घेतात. पिठासाठी गरम पाण्याची रीतच बरी.

सोललेले बदाम पंचावर पसरा, टिपून घ्या, आणि पंख्याखाली रात्रभर ठेवा. सकाळी ते वरून कोरडे दिसतात पण आत ओल असते. ओव्हन असेल तर ६० ते ७० अंश सेल्सिअसवर दीड-दोन तास ठेवा, दार किंचित उघडं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर सतत हलवत राहा. रंग बदलता कामा नये. आपल्याला बदाम भाजायचे नाहीत, फक्त पाणी घालवायचं आहे. झाले की नाही हे बघायला एक दाणा पूर्ण गार होऊ द्या आणि मोडा. कट्‌कन तुटला तर तयार. वाकला, किंवा नखाने दाबल्यावर खळगा पडला, तर अजून वेळ द्या. ही पायरी घाईत उरकली की पुढे काहीही केलं तरी पीठ गोळ्यागोळ्यांचंच होतं, आणि डब्यात चार दिवसांत बुरशी धरण्याची भीती वेगळी.

काजूला सोलायची भानगड नाही, पण काजू फार पटकन सादळतात. पुडा उघडून आठवडा झाला असेल आणि पावसाळा असेल, तर दळण्याआधी कढईत तीन-चार मिनिटं नुसते कोमट करून घ्या. मायक्रोवेव्ह असेल तर ताटात एका थरात पसरून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने हलवत एक-दोन मिनिटं. मग पूर्ण गार होऊ द्या. कोमट काजू मिक्सरला लावले तर तेल सुटणारच.

गार करायचे की नाही

याचं उत्तर तुम्ही कुठे राहता यावर आहे. विदर्भात, मराठवाड्यात, सोलापूरकडे एप्रिल-मे महिन्यात स्वयंपाकघरच इतकं तापलेलं असतं की दाणे गार केल्याशिवाय दळूच नये. कोरडे बदाम किंवा काजू घट्ट झाकणाच्या डब्यात भरून तासभर फ्रिजमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्याबरोबर दळा. गार दाणा कडक असतो, तो चिरडण्याऐवजी तुटतो.

कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्याच्या दिवसांत याच्या उलट अडचण येते. थंड दाण्यांवर हवेतलं बाष्प लगेच जमतं आणि कोरडे केलेले दाणे परत ओले होतात. तिथे फ्रीझर टाळा. फ्रिजमध्ये वीस मिनिटं पुरेत, तेही बंद डब्यात. किंवा सरळ पहाटे, गारव्यात दळा. मिक्सरचं भांडं मात्र कुठेही गार करू नका. त्याच्या आत पाणी सुटतं.

दळणं

इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या.

कोरडं दळायचं मधलं भांडं घ्या. आधी स्वच्छ पुसून, पात्याखालची जागा बोटाने चाचपून बघा, तिथे ओल राहते. एका वेळी १०० ते १५० ग्रॅमच घ्या. पातं दाण्यांनी झाकलं जावं, पण भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरू नये. कमी घेतलं तर दाणे नुसते उडत राहतात, जास्त घेतलं तर खालचं पीठ गोळा होईस्तोवर वरचे दाणे आख्खेच राहतात. अखंड बदाम असतील तर सुरीने दोन-तीन तुकडे करून घ्या. आख्खा दाणा फुटायला जो वेळ लागतो त्या वेळात खालचं पीठ उगाच दळलं जातं.

आता मिक्सर सरळ चालू करायचा नाही. बटण डावीकडे फिरवून धरायचं आणि सोडायचं. एक सेकंद, सोडा. एक सेकंद, सोडा. बहुतेक मिक्सरवर ही सोय असते. नसेल तर पहिल्या गतीवर चालू-बंद, चालू-बंद. दर पाच-सहा झटक्यांनंतर झाकण उघडा, भांडं हलवा, कोरड्या चमच्याच्या दांड्याने कडेचं आणि पात्याखालचं पीठ मोकळं करा.

आवाजाकडे कान द्या. सुरुवातीला तुकडे काचेवर आदळल्याप्रमाणे खडखडतात. मग खडखड कमी होऊन जाडसर खरखर येते, आणि मग मऊ सुरसुर. सुरसुर आली की थांबा, तुमचं पीठ तिथेच आहे. त्यानंतरही बटण धरून ठेवलंत तर एक वेळ अशी येते की आवाज अचानक हलका होतो, पातं मोकळं फिरल्यागत वाटतं. पीठ तेल सोडून भिंतीला चिकटलेलं असतं आणि पातं मधल्या पोकळीत फिरत असतं. हे होण्याआधीची खूण पात्याखाली दिसते. झाकण उघडून भांडं तिरकं करा. तळाच्या कोपऱ्यात पीठ मोकळं सांडत असेल तर अजून दोन-तीन झटक्यांना वाव आहे. तिथे एक पातळ, गडद, चमकदार कडा धरलेली दिसली, तर तेल सुटायला लागलंय. तत्क्षणी सगळं काढून चाळायला घ्या.

मुठीची परीक्षाही करा. चमचाभर पीठ मुठीत दाबा आणि हात उघडा. ओल्या वाळूसारखा मुटका धरून बोटाच्या एका टोच्याने तो मोडला, तर पीठ उत्तम. मोडलाच नाही, बोटांवर तेलाची तकाकी राहिली, तर जास्त झालं. मुटका धरलाच नाही तर अजून भरड आहे.

भांडं हाताला कोमट लागलं की दळणं थांबवा, पीठ ताटात पसरा, भांडं गार होऊ द्या. दोन घाण्यांच्या मधे पाच मिनिटं गेली तर काही बिघडत नाही.

तेल आटोक्यात ठेवायचा एक खात्रीचा उपाय म्हणजे दळतानाच एखादी कोरडी वस्तू सोबत घालणं. पुढे पदार्थात साखर जाणारच असेल तर तिच्यातली दोन मोठे चमचे साखर १०० ग्रॅम बदामांबरोबर दळा. साखरेचे कण बदामाच्या कणांना एकमेकांपासून लांब ठेवतात आणि सुटलेलं थोडं तेल टिपून घेतात. मिठाईसाठी दुधाची पावडर चालते. केक-बिस्किटांसाठी त्याच पदार्थातला चमचाभर मैदा किंवा तांदळाचं पीठ. उपासाला करायचं असेल तर राजगिऱ्याचं पीठ. नुसतं, निर्भेळ पीठ हवं असेल तेव्हाच काही न घालता दळा, आणि मग घाणा आणखी लहान घ्या.

हातून गोळा झालाच तर तो परत पीठ होत नाही. वाळवून, गार करून, पुन्हा फिरवून काही उपयोग नाही, पेशी फुटायच्या त्या फुटल्या. पण तो टाकायचाही नाही. काजूचा गोळा शाही भाजीच्या रश्श्यात घाला, बदामाचा दुधात उकळा किंवा शिऱ्यात घाला.

चाळणं

पहिल्या चाळणाला रव्याची चाळणी, आणि बेकरीचं काम असेल तर त्यानंतर मैद्याची. चाळणी थापटत चाळा. चमच्याने घासून पीठ खाली ढकलू नका, त्याने तेल सुटतं आणि जाळी बुजते. वर राहिलेली चाळ परत भांड्यात, पण नव्या दाण्यांबरोबर. एकटी चाळ मूठभरच असते, ती नुसती दळली की लगेच लगदा होतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर जी कणी उरते ती काढून ठेवा. श्रीखंडावर, खिरीत, लाडवात ती छान लागते.

मिक्सरवर कितीही निगुतीने केलं तरी मॅकरून या बदामाच्या परदेशी बिस्किटाला लागतं तितकं धुळीइतकं बारीक पीठ घरी होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. त्या एका पदार्थासाठी विकतचं आणा. बाकी सगळ्याला घरचं पुरतं.

दाण्याचं कूट

शेंगदाणा खरं तर कडधान्याच्या कुळातला, पण आपल्या घरांत सगळ्यात जास्त दळलं जाणारं तेलकट पीठ त्याचंच. इथे बारीकपणा नकोच असतो. साबुदाण्याच्या खिचडीत, काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात कूट दाताखाली यायला हवं.

दाणे जाड कढईत मंद आचेवर भाजा. मोठ्या आचेवर साल करपते आणि आत दाणा कच्चाच राहतो. साल तडकायला लागली, एखादा दाणा तोडून पाहिला आणि आतून फिकट सोनेरी दिसला, की गॅस बंद करा. पण लगेच ताटात काढा, कढईत ठेवलेत तर गरम बुडावर भाजत राहतात. पूर्ण गार झाल्यावर तळहातांनी चोळा आणि सुपात घेऊन पाखडा. गच्चीवर किंवा खिडकीपाशी पाखडलंत तर वारा अर्धं काम करतो. साल राहिली तर कूट कडवट होतं आणि कोशिंबिरीचा रंग मळकट दिसतो.

मिक्सरला सात-आठ झटके, बस. सोलापूरच्या शेंगदाण्याच्या चटणीत कुटून कुटून तेल सुटणं हीच तिची ओळख, आणि कुटात नेमकं तेच टाळायचं. दाणे किंचित कोमट असतानाच दळायला घेतले की कुटाचे खडे होतात. तेव्हा धीर धरा. कूट आठवडाभराचंच करा. भाजलेले दाणे डब्यात जास्त टिकतात, कूट नाही.

अक्रोड आणि पिस्ते

अक्रोडाला मिक्सर मानवत नाही. त्यासाठी हाताने फिरवायची, दट्ट्याची छोटी किसणी आणा, चीज किसायला मिळते ती. ती दाणा चिरडत नाही, किसते, आणि हलकं, फुलासारखं मोकळं पीठ पडतं. मिक्सरच वापरायचा असेल तर अक्रोडांच्या निम्म्या वजनाचं कोरडं पीठ किंवा साखर सोबत घ्या. पिस्ते बिनमिठाचे घ्या आणि बदामासारखेच गरम पाण्यातून काढून सोला, तरच हिरवा रंग येतो. बाकी सगळं बदामाप्रमाणे.

बदामाचं दूध काढणाऱ्यांनी गाळल्यावर उरलेला चोथा टाकू नये. त्यातलं बरंचसं तेल दुधात गेलेलं असतं, म्हणून तो दळायला सगळ्यात सोपा. ताटात पातळ पसरून ६०-७० अंशांवर पूर्ण कोरडा करा, कुरकुरीत झाला की मिक्सरला फिरवा. चव फिकी, पण क्रॅकर आणि भाकरीसारख्या पदार्थांना छान. पाककृतीत बदामाच्या पिठाऐवजी तो जसाच्या तसा घालू नका. तो पाणी जास्त पितो आणि पदार्थ कोरडा होतो.

साठवण

दाणा आख्खा असतो तोवर तेल सुरक्षित असतं. दळलं की त्याचा सगळा पृष्ठभाग हवेला उघडा पडतो आणि खवटपणा सुरू होतो. उजेड आणि उष्णता तो वाढवतात. म्हणून काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत हवा कमी राहते. हिवाळ्यात बाहेर आठवडाभर, फ्रिजमध्ये महिना-दीड महिना, फ्रीझरमध्ये चार-सहा महिने. अक्रोडाचं पीठ याच्या निम्म्यातच संपवा, त्यातलं तेल फार नाजूक असतं. बरणीवर तारीख लिहा. फ्रीझरमधून काढलेली बरणी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत दव धरतं.

वापरण्याआधी वास घ्या. ताज्या पिठाला गोडसर, दुधाळ वास असतो. नाकाला झोंबणारा खवट वास आला, किंवा चिमूटभर चाखल्यावर घशात खवखवलं, तर टाकून द्या. भाजून किंवा साखर वाढवून खवटपणा लपत नाही.

दाण्यांची, काजू-बदामांची अॅलर्जी असलेल्यांना चिमूटभर पीठही धोक्याचं ठरू शकतं. पाहुण्यांना देताना, शाळेच्या डब्यात घालताना आत काय आहे ते सांगा, आणि घरात असा कुणी असेल तर भांडं वेगळं ठेवा. लहान बाळाला पहिल्यांदा द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून द्या.

कुठे कसं वापरायचं

काजूत बाकीच्यांपेक्षा पिष्ट जास्त असतं. म्हणूनच काजूचं पीठ रश्श्याला घट्टपणा देतं आणि पाकात घातलं की बांधून येतं. काजूकतलीचं साधं प्रमाण: दोन वाट्या चाळलेलं पीठ, एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. एकतारी पाक झाला की आच मंद करून पीठ घाला आणि ढवळत राहा. मिश्रण कढई सोडायला लागलं की छोटी गोळी वळून बघा. बोटाला न चिकटता वळली तर उतरवा. तुपाचा हात लावून गरम असतानाच मळा आणि तूप लावलेल्या कागदावर लाटा. पीठ बारीक आणि कोरडं असेल तर कतली आपोआप गुळगुळीत होते. पिठात कणी राहिली असेल तर कितीही मळून ती जात नाही.

हाच काजू गोव्यात नाताळच्या कुसवारात, म्हणजे सणाच्या फराळात, मार्झिपान होऊन बसतो: साखर घालून मळलेली, साच्यात घडवलेली मऊ मिठाई. युरोपात मार्झिपान बदामाचं. पोर्तुगीजांनी १६ व्या शतकात ब्राझीलहून काजू गोव्यात आणला, आणि पुढे तिथल्या स्वयंपाकघरांनी बदामाच्या जागी घरचा काजू घेतला. त्यासाठी पीठ मैद्याच्या चाळणीतून काढलेलंच हवं, साच्यातली नक्षी त्याशिवाय उमटत नाही.

केक-बिस्किटांत मैदा पूर्ण काढून तेवढंच बदामाचं पीठ घातलं तर पदार्थ बसतो, कारण ताण देणारं ग्लुटेन त्यात नाही. सुरुवातीला एक चतुर्थांश मैद्याच्या जागी घाला. मोजताना वजन करा, कप नको: एका कपात मैदा साधारण १२५ ग्रॅम बसतो, बदामाचं पीठ १०० च्या आसपास. ओव्हन नेहमीपेक्षा १५-२० अंशांनी कमी ठेवा, तेलामुळे वरचा थर भराभर तांबूस होतो. ग्लुटेन टाळणाऱ्यांसाठी भाकरी करायची तर एक कप पिठात दीड-दोन मोठे चमचे इसबगोल, मीठ, लागेल तसं गरम पाणी. दहा मिनिटं झाकून ठेवा, मग दोन प्लास्टिकच्या कागदांमधे हलक्या हाताने थापा. तव्यावर टाकल्यावर लगेच उलटू नका, खालची बाजू घट्ट होऊ द्या.

मधुमेह किंवा वजनासाठी हे पीठ वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. काजूच्या पिठात बदामापेक्षा कर्बोदकं बरीच जास्त, १०० ग्रॅममध्ये सुमारे ३०. तेव्हा दोन्ही एकाच मापाने मोजू नका. आणि उष्मांकांत ही पिठं हलकी नाहीत: १०० ग्रॅम बदाम म्हणजे ५८० च्या आसपास किलोकॅलरी, गव्हाच्या पिठापेक्षा कितीतरी जास्त.

दळून झाल्यावर भांड्याच्या कोपऱ्यांत जे पीठ राहतं ते खरवडत बसू नका. अर्धा कप गरम दूध, चिमूटभर वेलची आणि साखर त्यातच घालून एकदा फिरवा आणि पेल्यात ओतून घ्या. मग चमचाभर कोरडे तांदूळ फिरवले की उरलेलं तेल टिपलं जातं. ते तांदूळ काढून टाका आणि भांडं गरम पाण्याने धुऊन, उपडं घालून, पात्याखालची रबरी रिंग वेगळी वाळवा.